कासवाचं घरटं मुलांच्या हातांनी: चार ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर करायच्या कृती

नोव्हेंबर सरता सरता कोकणच्या पुळणींवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांवर, ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येऊ लागतात. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर इकडे. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग. पूर्वी ही अंडी माणसं काढून नेत, उरलेली कोल्ही आणि कुत्री. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासला गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि आज किनाऱ्यावरच्या अनेक गावांत पहाटे फेरी मारणारे कासवमित्र आहेत. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच त्याला.

बालवाडी ते दुसरी-तिसरीच्या मुलांना यातलं काय आणि कसं द्यायचं, ते इथे दिलं आहे. शाळांमध्ये सर्रास होतं ते असं: दहा प्राण्यांचा तक्ता भिंतीवर लागतो, मुलं नावं घडाघडा म्हणतात आणि आठवड्यात विसरतात. लहान वयात एकच प्राणी घ्यावा, त्याचं माप खरं ठेवावं आणि तो जे काम करतो ते काम मुलांना करू द्यावं. खड्डा खणणं, अंडी हलवणं, अंधारात उजेडाकडे सरपटणं हे सगळं मुलांना करता येतं. ‘नामशेष’ हा शब्द सहा वर्षांखालच्या मुलांपुढे काढूच नका. त्यांना तो कळत नाही, आणि कळलाच तर रात्री झोप येत नाही.

वय, वेळ, गट

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी एका कृतीला २५ मिनिटं पुरे. सहा ते आठ वर्षांची मुलं ४० मिनिटं टिकतात. एका मोठ्या माणसामागे सहाच्या वर मुलं नकोत, विशेषतः वाळू आणि अंधाराच्या कृतींना. सगळ्या कृती एका ‘कासव दिना’त उरकू नका. डिसेंबरपासून आठवड्याला एक घेतली की फेब्रुवारी-मार्चमध्ये खरी पिल्लं बाहेर यायला लागतात तेव्हा मुलं तयार असतात. पावसाळ्यात हा उपक्रम सुरू केला तर कागद-मातीचं काही वाळत नाही आणि पाहायला नेण्यासारखं किनाऱ्यावरही काही नसतं.

खऱ्या मापाचं कासव

पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ साधारण ६० ते ७० सेंमी लांब आणि जवळजवळ तेवढीच रुंद. फ्रिजचं खोकं मिळवा, त्याचा पुठ्ठा जमिनीवर पसरा, ६५ सेंमी लांब आणि ६० सेंमी रुंद, मागे किंचित निमुळती पाठ आखून कापा. पुढचे दोन पाय लांब वल्ह्यांसारखे, मागचे आखूड आणि पसरट. नखांची बोटं काढू नका. बहुतेक मुलांनी कासव पाहिलेलं असतं ते देवळातलं, सभामंडपात जमिनीवर कोरलेलं, किंवा विहिरीतलं. आदल्या दिवशी ‘देवळातल्या कासवाचे पाय बघून या’ एवढंच सांगा. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या कासवाला वल्ही लावताना फरक कुणीतरी आपणहून बोलतोच. समुद्री कासवाला डोकं आणि पाय आत ओढून घेता येत नाहीत, हेही इथेच सांगून टाका, म्हणजे मग जाळ्याची कृती समजायला सोपी जाते.

पाठीवरचे खवले रंगवताना थोडी मजा आहे. पाठीच्या मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना मोठे खवले असतात. ऑलिव्ह रिडलेमध्ये ते एका बाजूला ५ पेक्षा जास्त, बहुधा ६ ते ९ असतात, आणि दोन्ही बाजूंना आकडा सारखाच येईल असं नाही. डावीकडे ६, उजवीकडे ७ काढा आणि मुलांना मोजू द्या. रंग पोपटी नको. करडा आणि मेंदीचा हिरवा मिसळून मळकट रंग करा. पिल्लू मात्र जवळजवळ काळं असतं.

वजन ३५ ते ५० किलोच्या घरात. वाळूच्या १० किलोच्या चार पिशव्या बांधून गोणपाटावर ठेवा आणि दोघा-दोघांना तीन पावलं ओढायला सांगा. उचलायला लावू नका. भुसभुशीत वाळूत मादीला किनाऱ्यावर चढायला किती जोर लागत असेल, ते ओढणाऱ्यांना शब्दांशिवाय कळतं.

पिल्लासाठी शाडू. नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची पाठ जेमतेम ४ सेंमी आणि वजन २० ग्रॅमच्या आतबाहेर. स्वयंपाकाच्या काट्यावर २० ग्रॅम मळलेली शाडू तोलून प्रत्येकाला द्या. ४ सेंमी लांब आणि सेंमीभर जाड थापली की माप बरोबर येतं. वीस मुलांना अर्धा किलो माती पुरते. पाय मातीचे केले तर वाळताना हमखास तुटतात, कारण पातळ भाग आधी सुकून आकसतो. म्हणून जाड पुठ्ठ्याचे पाय माती ओली असतानाच आत खोचा. वाळवायचं सावलीत, दोन-तीन दिवस. उन्हात ठेवलं की पाठीला चीर पडलीच. ही पिल्लं नंतर उजेडाच्या आणि जाळ्याच्या कृतीला लागतात, तेव्हा मागे नावं लिहून ठेवा.

एकशे दहा अंडी

एका घरट्यात साधारण १०० ते १५० अंडी असतात. ११० धरा. अंडं गोल, ४ सेंमीच्या आसपास, म्हणजे टेबल टेनिसच्या चेंडूएवढं. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चामड्यासारखं लवचिक असतं. पडलं तरी फुटत नाही.

वर्तमानपत्राचं अर्धं पान घट्ट चुरगाळलं की जवळजवळ याच मापाचा गोळा होतो. ११० अंड्यांना ५५ पानं लागतील. पुठ्ठ्यात ४ सेंमी व्यासाचं भोक पाडून ‘मापटं’ करा: गोळा त्यातून जेमतेम पार झाला की अंडं पास. चार वर्षांच्या मुलांना हे पास-नापास फार आवडतं आणि त्या नादात ती मन लावून दाबतात. वर पांढऱ्या पातळ कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवा.

खळ अशी: चार चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, दोन कप उकळत्या पाण्यात ओता, तीन-चार मिनिटं ढवळा, गार करा. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, ते इथे अजिबात नको. ते विषारी आहे आणि या वयाची मुलं बोटं चाटतात. मोरचूद नसल्यामुळे खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. लेप पातळ हवा. जाड थर आतून ओला राहतो आणि चौथ्या दिवशी अंड्यावर बुरशी दिसते. दोन दिवस वाऱ्यावर वाळवल्याशिवाय डब्यात भरू नका.

मोजणी मुलांकडून करून घ्या, दहा-दहाचे ढीग लावून. पहिलीच्या वर्गात हा गणिताचाही तास होतो, त्यासाठी वेगळा वेळ काढायला नको.

पाठीमागे हात करून खड्डा

आमच्या मते एकच कृती करायची झाली तर ही करावी.

मादी पुळणीवर भरतीच्या रेषेच्या वर येते, जागा निवडते आणि मागच्या पायांनी, आळीपाळीनं, खड्डा खणते. खणताना तिला खड्डा दिसत नाही. तरी तो मडक्याच्या आकाराचा होतो: तोंड अरुंद, पोट रुंद, खोली दीड फुटाच्या आसपास. मुलांनीही तसंच खणायचं. वाळूकडे पाठ करून उकिडवं बसायचं, हात मागे न्यायचे, मान वळवायची नाही. एका हातानं ओंजळ भरून वाळू काढायची आणि बाजूला टाकायची, मग दुसऱ्या हातानं. दोन्ही हात एकदम चालवायचे नाहीत.

शाळेत लांब उडीचा खड्डा असेल तर तो उत्तम. नसेल तर रंगाची २० लिटरची रिकामी, घासून धुतलेली बादली घ्या. तळहातभर जागा सोडून वाळू भरा. दोन मुलांत एक बादली. वाळू समुद्रावरून भरून आणू नका. बांधकामाची वाळू चाळून घ्या. खडे आणि काचा निघतात. उघड्यावर पडलेल्या वाळूत मांजरं घाण करतात, म्हणून वापरण्यापूर्वी एक दिवस उन्हात पसरा आणि एरवी ताडपत्रीनं झाका.

सगळा खेळ ओलाव्याचा आहे. बादलीभर वाळूला दोन लिटरच्या आसपास पाणी घालून खालीवर करा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि बोटांतून पाणी गळलं नाही, की वाळू तयार. आधी मुद्दाम एक बादली कोरड्या वाळूची द्या. मुलं खणतात, कडा घसरते, पुन्हा खणतात, पुन्हा घसरते. मग ओली द्या. कोरड्या वाळूत भिंत का टिकत नाही हे एकदा हातांना कळलं, की मादी वरचा कोरडा थर अंगानं बाजूला सारून खालच्या दमट वाळूत का खणते, ते वेगळं समजवावं लागत नाही.

चार वर्षांच्या मुलाचा हात लहान. त्याच्याकडून एक वीत खोल खड्डा झाला तरी पुष्कळ. सात-आठ वर्षांची मुलं कोपरापर्यंत पोचतात. जमिनीतला खड्डा मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल होऊ देऊ नका आणि कुणालाही त्यात डोकं घालून वाकू देऊ नका. ओल्या वाळूची कडा अचानक बसते. तास संपला की खड्डा बुजवायचा, मुलांकडूनच.

अंडी दोन-दोन, तीन-तीन करून सोडायची, बघायचं नाही. बादलीत २५-३० मावतात, जमिनीतल्या खड्ड्यात सगळी ११०. मग वाळू लोटायची आणि वरून थापायचं. मादी हे आपल्या छातीनं धपाधप आपटून करते. मुलांना तळहातांनी करू द्या. शेवटी आजूबाजूला वाळू उडवायची, म्हणजे घरटं नेमकं कुठे आहे ते कुणाला ओळखू येत नाही. दुसऱ्या गटाला बोलवा आणि शोधायला सांगा. लगेच सापडलं तर बुजवणाऱ्यांनी पुन्हा प्रयत्न करायचा.

इथे एक प्रश्न येतोच: ‘बाई, आई मग कुठे जाते?’ ती समुद्रात परत जाते आणि पिल्लांना भेटत नाही, हे खरं उत्तर आहे आणि तेच द्या. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण पाच वर्षांच्या मुलाला आई सोडून जाते एवढंच ऐकू येतं. पुढे सांगा की अंड्यांना ऊब वाळू देते, पिल्लाला जन्मतःच पोहता येतं, आणि आईनं आपलं काम खड्डा नीट बुजवून पूर्ण केलेलं असतं. आत्ताच बुजवण्याचं काम केलेल्या मुलांना हे पटतं. आई परत येऊन पिल्लांना शोधते, असली गोड गोष्ट रचू नका. ती पुढे खोडावी लागते.

ठिपका वर

हे कासवमित्रांचं काम. ते पहाटे पुळणीवर मादीच्या येण्या-जाण्याची खूण शोधतात, मऊ लागणारी जागा हलक्या हातानं चाचपतात आणि अंडी काढून जाळीनं बंदिस्त केलेल्या उबवण केंद्रात तेवढ्याच खोल, त्याच आकाराच्या खड्ड्यात पुरतात. अंडी काढताना ती फिरवायची नाहीत, हा मुख्य नियम. घातल्यानंतर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. अंडं उलटं झालं तर तो मरतो.

पुरलेल्या अंड्यांपैकी १० बाहेर काढा. काढण्याआधी, खड्ड्यात असतानाच, वरच्या बाजूला स्केचपेननं ठिपका द्या. तळाला दोन बोटं ओली वाळू घातलेली बांबूची टोपली घ्या, अंडी ठिपका वर ठेवून तीत ठेवा, १५ पावलं चाला, नव्या खड्ड्यात ठिपका वर ठेवूनच उतरवा. पोचल्यावर किती ठिपके वर राहिले ते मोजा. पहिल्या खेपेला निम्मी अंडी गडगडतात. कारण टोपलीत वाळू कमी असते किंवा मुलं पळतात. दुसऱ्या खेपेला मुलं काही न सांगता हळू चालू लागतात.

नव्या घरट्यावर पाटी लावा: तारीख, अंड्यांची संख्या. खऱ्या केंद्रातही अशीच पाटी असते. भिंतीवर ५५ चौकोनांचा तक्ता लावा आणि रोज एक रंगवा, कारण पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. सुट्ट्यांमध्ये चौकोन राहतात. सोमवारी तीन रंगवायचे, पण वगळायचे नाहीत.

याच तक्त्याच्या जोडीला वाळूची ऊब पाहता येते. दुपारी बारा-एकला उन्हातल्या वाळूवर तळहात ठेवा, मग वीतभर खाली. वर चटका बसतो, खाली गार लागते. सहाच्या पुढच्या मुलांना तापमापक द्या, अल्कोहोलचा किंवा डिजिटल. पाऱ्याचा नको, वाळूत फुटला तर पारा वेचता येत नाही. पृष्ठभागावर आणि ३० सेंमी खाली दहा-दहा मिनिटं ठेवून आकडे लिहा, एकदा उन्हात, एकदा सावलीत. समुद्री कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं: जास्त उबेत माद्या, कमी उबेत नर. सात-आठ वर्षांची मुलं हे ऐकून गप्पच होतात. मग प्रश्नांची सरबत्ती होते, त्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवा.

उजेडाचा खेळ

पिल्लं बहुतेक रात्री किंवा पहाटे वर येतात. आत अंड्यातून फुटल्यावर सगळी मिळून वाळू खाली सारत एक-दोन दिवस वर सरकत राहतात. हे दाखवायला एक जाडसर चादर पुरते. एका मुलावर ती टाका आणि चार मोठ्यांनी कोपरे खाली धरा. त्याला एकट्याला उठता येत नाही. आठ जणांवर टाका, सगळी एकदम वळवळली की चादर उचलली जाते. चादर अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवू नका, आणि ज्याला नको असेल त्यानं मोजणी करावी.

बाहेर आल्यावर पिल्लं क्षितिजाजवळच्या उजळ पट्ट्याकडे जातात, एरवी तो समुद्राचा असतो. रस्त्याचा दिवा किंवा हॉटेलचा झोत असला की उलट्या दिशेला जातात. खोलीच्या एका टोकाला निळी साडी जमिनीलगत पसरा आणि तिच्यामागे मंद दिवा ठेवा. समोर सहा-सात मीटरवरून मुलं पोटावर सरपटत निघतात. दुसऱ्या फेरीत मागच्या कोपऱ्यात झगझगीत बल्ब लावा आणि मुलांना एकच नियम द्या: जिथे जास्त उजेड, तिकडे जायचं. सगळी साडीकडे पाठ करून निघतात. तिसऱ्या फेरीत बल्बवर पुठ्ठ्याचं झाकण घाला, किंवा तो बंद करा, आणि ते काम एखाद्या मुलाला द्या.

खोली अंधुक हवी, काळोखी नको. छोटी मुलं मिट्ट काळोखात रडायला लागतात, आणि मग कुणाचंच लक्ष राहत नाही. गुडघे सोलवटतात म्हणून सतरंजी घाला. बल्बच्या वायरी मुलांच्या वाटेत येऊ देऊ नका. खरं तर बॅटरीच बरी.

किनाऱ्यावर पिल्लं पाण्यापासून थोडी लांब सोडतात आणि स्वतः चालू देतात, तेही मुलांनी इथे अनुभवलेलं असतं. ‘उचलून पाण्यात का ठेवत नाहीत?’ हे विचारणारं मूल निघालं तर त्यालाच एकदा उचलून साडीवर ठेवा आणि विचारा, समुद्र कुठल्या बाजूला होता ते कळलं का.

जाळं

सहा वर्षांखाली ही कृती नको. एक रबर बँड अंगठ्यात अडकवून तळहाताच्या मागून करंगळीत अडकवा आणि सांगा: दुसरा हात, दात, टेबलाची कड, काही न वापरता सोडव. ३० सेकंदांनी मोठ्या माणसानं काढून द्यायचा. बँड सैल असावा, बोटं पांढरी पडता कामा नयेत, आणि गळ्याशी, डोळ्यांशी तो गेला की खेळ बंद.

मग टाकून दिलेल्या नायलॉन जाळ्याचा हातभर तुकडा, उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेला, शाडूच्या पिल्लाभोवती गुंडाळा. बोथट कात्रीनं, पाय न मोडता सोडवायचं. पिल्लाचे पाय मोडतातच. मोडू द्या. कासवाला श्वास घ्यायला पाण्याच्या वर यावं लागतं, म्हणून जाळ्यात अडकलं की ते बुडतं, एवढी एक गोष्ट सांगा आणि थांबा. रापणीवाल्यांच्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्यांच्या) किंवा ट्रॉलरवाल्यांच्या घरची मुलं वर्गात असतात. त्यांच्या बापाला खलनायक करू नका. उलट जाळं कसं विणतात, फाटलेलं कुठे टाकतात, हे त्याच मुलाला विचारा. वर्गात त्याच्याइतकं ते कुणालाच माहीत नसतं.

हजारातून एखादंच पिल्लू मोठं होतं असं नेहमी सांगतात. हजार चिंचोके मोजून नऊशे नव्व्याण्णव बाजूला काढायचा खेळ पुष्कळ ठिकाणी घेतात. आठ वर्षांखालच्या मुलांबरोबर तो घेऊ नये असं आमचं ठाम मत आहे. जो चिंचोका आपला म्हणून निवडला तो खेकड्यानं नेला, की मूल उरलेला तास त्याच्याच मागे असतं.

सात-आठ वर्षांच्या मुलांना नकाशा मात्र जरूर द्या. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोकणात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारी यंत्रं बसवली; वेळासची पहिली ‘प्रथमा’, आंजर्ल्याची ‘सावनी’. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. भारताच्या मोठ्या नकाशावर गुहागरला टाचणी लावा आणि लोकरीचा धागा किनाऱ्याकिनाऱ्यानं कन्याकुमारी, श्रीलंका असा नेऊन वर वळवा. उलटा प्रवासही झाला आहे: ओडिशात २०२१ मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. दुसऱ्या रंगाचा धागा तिचा. धागा जमिनीवरून जाऊ देऊ नका. मुलं सरळ रेष ओढायला बघतात आणि कासव नागपूरवरून नेतात.

किनाऱ्यावर नेताना

पिल्लं सोडण्याचा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, वेळ पहाट आणि संध्याकाळ. तारीख घरट्यांवर ठरते, म्हणून निघण्याआधी गावातल्या आयोजकांना किंवा वनविभागाला विचारा. गेल्यावर पिल्लं दिसतीलच असं नाही. हे मुलांना निघताना सांगा, पोचल्यावर नव्हे. त्या दिवशी काहीच निघालं नाही तर उबवण केंद्राची पाटी वाचणं, आपल्या वर्गातल्या पाटीशी ताडून पाहणं, खेकड्यांची बिळं मोजणं एवढं हाताशी ठेवा.

हात लावायचा नाही, दोरीच्या मागे राहायचं, फ्लॅश आणि बॅटरी बंद. मोठ्यांचे मोबाइल आधी खिशात जातील याची काळजी घ्या. नियम मोडतात ते बहुतेक वेळा पालक. पिल्लू हातात घेऊन फोटो काढणं हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि गाइड नको म्हणत नाही म्हणून तो चालतो असं नाही. पुळणीवर कचरा वेचायचा असेल तर मुलांना फक्त दोरी, जाळ्याचे तुकडे आणि बाटल्यांची झाकणं वेचू द्या, जाड हातमोजे घालून. काच, सुया, गळ मोठ्यांनी उचलायचे.

समुद्र जवळ नसेल तर

सोलापूरच्या मुलांना कासव कशाला? त्यांना नान्नजचा माळढोक घ्या. गोंदिया-भंडाऱ्याकडे सारस, रायगडात फणसाडच्या बाजूला गिधाड. पद्धत तीच: खरं माप, आणि प्राण्याचं खरं काम. सारसाची उंची साडेपाच फुटांच्या आसपास. भिंतीवर खडूनं काढून मुलांना त्याच्याशेजारी उभं करा. त्याचं घरटं पाणथळ जागेत किंवा भातखाचरात, गवत-लव्हाळ्याचा ढीग. घमेल्यात पाणी घालून त्यात पेंढ्याचा ढीग रचायचा आणि दोन अंडी कोरडी ठेवायची. माळढोक बहुतेक वेळा एकच अंडं घालतो, तेही उघड्या माळावर, घरटं न बांधता. मातीच्या रंगाचं अंडं करून मैदानात ठेवा आणि मुलांना त्यावर पाय न देता चालत यायला सांगा. गिधाडांसाठी दोरी: पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचा पंखविस्तार दोन मीटरच्या वर जातो, तेवढी दोरी दोन मुलांनी ताणून धरायची. गिधाडं कमी का झाली, हे डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधामुळे; २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ते आठ वर्षांच्या मुलांना सांगता येतं, चारच्या नाही.

किनाऱ्यावर कासव सापडलं तर

पावसाळ्यात जखमी कासवं वाहून येतात आणि पुष्कळदा ती मुलांनाच आधी दिसतात. तेव्हा काय करायचं याची एकदा उजळणी पुठ्ठ्याच्या कासवावर घ्या. मुलानं जवळ जायचं नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची आणि जागा लक्षात ठेवायची: कुठल्या झाडासमोर, कुठल्या होडीजवळ. मोठ्यांनी कुत्री हाकलायची, गर्दी मागे सारायची, ऊन असेल तर सावली करायची, पाठीवर ओलं फडकं टाकायचं पण नाकपुड्या झाकायच्या नाहीत. पाण्यात ढकलून द्यायचं नाही. दमलेलं, जखमी कासव बुडू शकतं. जाळं अंगात रुतलेलं असेल तर ओढायचं नाही, लोंबणारा भाग तेवढा कापायचा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६. तो आकडा पुठ्ठ्याच्या कासवाच्या पोटावर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा.